एका रंध्याची ओळख



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि तलवारी उभ्या राहतात. त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या हातांनी किल्ल्यांचे दरवाजे घडविले, त्या हातांतील हत्यारांचाही इतिहास असतो. तो कोणी सांगत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही. आज मी एका लोखंडी रंध्याचा इतिहास सांगणार आहे. मी सुतार नव्हे, कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. तेव्हा सुतारकामात माझी चूक झाली तर जाणकारांनी जरूर कान धरावा.

मुंबईच्या एका कारखान्यातील सुतारखात्यात ज्यांचा जन्म गेला, असे आमचे एक जुने सभासद वारले. पुढे काही दिवसांनी त्यांचा मुलगा एक लाकडी पेटी घेऊन युनियनच्या कचेरीत आला. म्हणाला, "काका, बाबांनी ह्या पेटीला कधी कोणाला हात लावू दिला नाही. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. हे नक्की आहे तरी काय?"

पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेले एक विचित्र यंत्र होते. एका बाजूला मूठ असलेले लोखंडी धड; त्यातून आडवे निघालेले दोन गुळगुळीत गज; त्या गजांवर मागेपुढे सरकणारा दुसरा लोखंडी तुकडा; आणि त्यापलीकडे, त्याच गजांवर, एक लाकडी पट्टी बसविलेला तिसरा तुकडा. शेजारी लहानशा डबीत विसाच्या आसपास पाती होती. काही सरळ धारेची, काहींच्या धारेत अर्धगोल खाच, तर एकाला मधोमध फट. मुलाने सांगितले की त्याला आजवर ते वजनकाट्याचे सुटे भाग वाटत होते. त्यात त्याचा दोष नाही. आपल्याला ठाऊक असलेला रंधा म्हणजे सपाट तळ, तळाला एक फट आणि फटीतून डोकावणारे पाते. ह्याला तर तळच नव्हता!

धडावर ठसठशीत अक्षरांत नाव होते 'रेकॉर्ड' आणि आकडा ४०५. ओळख पटविण्याचे काम तेथून सुरू झाले. ४०५ हा इंग्लंडातील शेफील्ड गावच्या सी. अँड जे. हॅम्प्टन ह्या कारखान्याचा रंधा. १९३०च्या दशकात तो बाजारात आला आणि त्याला 'मल्टी-प्लेन', म्हणजे अनेक कामांचा रंधा, असे नाव मिळाले. पण त्याचे कूळ शेफील्डचे नव्हे. ते शोधीत गेलो तर अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन ह्या गावी जाऊन पोचतो. कड्याकोयंडे, कुलपे, बिजागऱ्या आणि हत्यारे ह्यांसाठी हे गाव प्रसिद्ध होते. तेथल्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने १८८४च्या सुमारास ४५ क्रमांकाचा रंधा काढला. जस्टस ट्रॉट नावाच्या कल्पक कारागिराच्या डोक्यातून तो निघाला. १९६०च्या दशकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे जवळजवळ पाऊणशे वर्षे, तो तयार होत राहिला. शेफील्डचा ४०५ हा त्याच घराण्यातला धाकटा भाऊ. घरी असा रंधा निघाला आणि त्यावर ४५ असेल, तर त्याचे वयही अदमासे सांगता येते. अगदी जुने काळ्या रोगणाचे असत. पुढे निकेलचा मुलामा आला. पात्यावर बदामाच्या आकारात कंपनीची आद्याक्षरे असतील, तर ते १९२० नंतरच्या पंधरा-एक वर्षांतले. १९२० साली ही कंपनी स्टॅन्ली वर्क्स ह्या मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि तिच्या विल्यम हार्ट ह्या अध्यक्षाच्या आडनावावरून तो बदाम आला.

पण नाव, आकडा आणि साल कळले म्हणजे ओळख झाली काय? माणसाचे नाव आणि जन्मतारीख कळल्याने जेवढी ओळख होते तेवढी झाली. हे हत्यार जन्माला का आले, हा खरा प्रश्न आहे.

दाराच्या चौकटीवर, कपाटाच्या कडेला, खिडकीच्या तावदानाभोवती जी नक्षीदार कड असते, तिला आपण मोल्डिंग म्हणतो. पूर्वी अशा प्रत्येक आकारासाठी वेगळा लाकडी रंधा लागे. जो आकार हवा, त्याची उलटी प्रतिमा रंध्याच्या तळात कोरलेली असे. अर्ध्या इंचाचा गोल वेगळा, पाऊण इंचाचा वेगळा. नर-मादीच्या सांध्यात जीभ काढणारा एक आणि खाच काढणारा दुसरा. चांगल्या सुताराच्या पेटीत असे वीस-तीस रंधे सहज निघत. ते करणारे रंधेकार हा एक स्वतंत्र व्यवसाय होता.

ह्या रंधेकारांपैकी एकाची हकिकत आपल्याला माहीत असायला हवी. मॅसॅच्युसेट्समधील रेन्थम गावी फ्रान्सिस निकल्सन नावाचा रंधेकार होता. अमेरिकेतील ज्ञात रंधेकारांत तो सर्वांत जुना. त्याच्याकडे सीझर चेलोर नावाचा एक काळा गुलाम होता. धन्याच्या हाताखाली तो रंधे करायला शिकला. १७५३ साली निकल्सन वारला, तेव्हा मृत्युपत्राने त्याने चेलोरला मुक्त केले आणि थोडी जमीन, कामाचा बाक व हत्यारे दिली. त्यानंतर १७८४ साली मरेपर्यंत चेलोरने स्वतःच्या नावाने रंधे केले. प्रत्येक रंध्याच्या तोंडावर त्याचा ठसा असे: आपले नाव आणि आपण रेन्थम येथे राहतो एवढे शब्द. काल ज्याचे शरीरदेखील त्याच्या मालकीचे नव्हते, तो आज लाकडावर नाव ठोकून सांगतो की हे मी केले. अडीचशे वर्षांनंतर ते रंधे त्या ठशावरूनच ओळखले जातात. हत्यारावर कोणाचे नाव आहे ही बाब किती मोठी असते, हे मला चेलोरने शिकविले.

आता दुसरी बाजू पाहू. हे रंधेकाम हातांकडून काढून यंत्राकडे देण्याचा विचार इंग्लंडात सॅम्युएल बेंथमने केला आणि १७९१ व १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. हा तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा भाऊ. जेरेमीच्या मनात एक नमुनेदार तुरुंग उभारायचा होता आणि त्यातील कैद्यांकडून ही यंत्रे चालवून घेण्याचा भावांचा बेत होता. ज्याला सुतारकाम येत नाही आणि जो नाही म्हणू शकत नाही, अशा माणसाकडून सुताराचे काम करून घेणे! तो तुरुंग उभा राहिला नाही; पण कल्पना मेली नाही.

अमेरिकेत १८२८ साली विल्यम वुडवर्थने फळ्या रंधून त्यांना जीभ व खाच काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते पुन्हा पुन्हा वाढवून १८५६पर्यंत चालू ठेवण्यात आले. पेटंटाचे मालक प्रांत वाटून घेत आणि रंधलेल्या फळ्यांच्या मापावर पट्टी वसूल करीत. म्हणजे सुताराचा घाम यंत्राने वाचविला खरा. पण वाचलेल्या घामाचा पैसा सुताराच्या खिशात गेला नाही. यंत्र वाईट की चांगले, असा वाद मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. मला वाटते, प्रश्नच चुकीचा विचारला जातो. यंत्राने वाचविलेला वेळ कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

ह्या रंधा-गिरण्यांतून पुढे तयार दारे, तयार खिडक्या, वारभर मापाने मोल्डिंग निघू लागले. मग इमारतीवर काम करणाऱ्या सुताराला काय उरले? डागडुजी उरली, जुन्या नक्षीला जुळती पट्टी काढणे उरले, गिरणीच्या मापात न बसणारे काम उरले. त्यासाठी तीस रंध्यांचे ओझे कोण वाहणार? येथे लोखंडी जोड-रंध्याचा जन्म झाला. १८७० साली चार्ल्स मिलरने अशा प्रकारच्या एका लोखंडी रंध्याचे पेटंट घेतले, आणि त्याच वाटेने पुढे ४५ आला. त्यातील युक्ती साधी व सुंदर आहे. तळाची जागा दोन अरुंद पोलादी कडांनी घेतली. आपण त्यांना धावा म्हणू. एक धाव धडाला, दुसरी सरकत्या तुकड्याला. पाते रुंद असेल तर धावा लांब करा, अरुंद असेल तर जवळ आणा. तळ एकच, पाती वीस. १८९७ साली त्याच कंपनीने ५५ क्रमांकाचा रंधा काढला. त्याच्या पात्यांची संख्या पन्नासाच्या वर होती, आणि जाहिरात अशी की ही जणू हातात मावणारी रंधा-गिरणीच आहे.

ह्या जाहिरातीपाशी मी थांबलो. हातातली गिरणी १८९७ सालची. मग त्या वेळी खऱ्या गिरण्यांत काय चालले होते?

विस्कॉन्सिन राज्यात विनेबेगो सरोवराच्या काठी ऑशकॉश नावाचे शहर आहे. नदीतून वाहून आणलेले पाइनचे ओंडके आणि त्यांपासून होणारी दारेखिडक्या ह्यांवर ते जगत असे. तेथे पेन लंबर कंपनीसारखे मोठे कारखाने होते. १८९८च्या मे महिन्यात तेथील लाकूडकामगारांनी संप केला. मागण्या चार होत्या: पगारवाढ, दर आठवड्याला पगार, संघटनेला मान्यता, आणि स्त्रिया व मुलांना कामावर ठेवणे बंद करणे. ही शेवटची मागणी आज जशीच्या तशी मला मान्य नाही. स्त्रियांना अर्ध्या पगारात राबविणे थांबवायचे, तर त्यांना पूर्ण पगार द्या अशी मागणी हवी होती. आपल्या पूर्वजांच्या चुका झाकून त्यांचा गौरव होत नाही. आणि गंमत पाहा, संपात त्या शहरातील स्त्रियाच कारखान्यांच्या फाटकांवर उतरल्या. दंगल झाली, त्यात सोळा वर्षांचा एक मुलगा मारला गेला, राज्याचे सैनिक आले. संप सुमारे चौदा आठवडे चालला. त्यानंतर लाकूडकामगार संघटनेचे सरचिटणीस टॉमस किड आणि त्यांचे दोन सहकारी ह्यांच्यावर कट केल्याचा खटला भरण्यात आला. बचावाला वकील होते क्लॅरन्स डॅरो. संप करणे हा कट असेल तर कामगाराने एकत्र यायचे तरी कसे, हाच त्या खटल्यातील मूळ प्रश्न होता. नोव्हेंबर १८९८मध्ये पंचांनी तिघांनाही निर्दोष सोडले.

ह्या हकिकतीत मला एक गोष्ट सलते. संपाच्या दिवशी ऑशकॉशचा कामगार फाटकाबाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात काय होते? काही नाही. रंधणारे यंत्र आत राहिले. ह्याच्या उलट चित्र पाहायचे तर एकाहत्तर वर्षे मागे जावे लागेल. १८२७ साली फिलाडेल्फियाच्या घरबांधणी सुतारांनी दहा तासांच्या दिवसासाठी काम थांबविले, तेव्हा प्रत्येकाची पेटी त्याच्या खांद्यावर होती. तो लढा तेव्हा जिंकला गेला नाही. पण त्यातूनच निरनिराळ्या धंद्यांतील कामगारांना एका छत्राखाली आणणारी संघटना त्या शहरात उभी राहिली. पुढे १८८१ साली पीटर मॅग्वायर ह्यांनी सुतारांची देशव्यापी संघटना बांधली. १ मे १८९० रोजी आठ तासांच्या दिवसासाठी आघाडीवर कोणी लढायचे, असा प्रश्न आला तेव्हा अमेरिकेतील कामगार महासंघाने सुतारांनाच पुढे केले, आणि अनेक शहरांत त्यांनी आठ तास मिळविले. त्या विजयाला कारणे पुष्कळ असतील. परंतु हत्यार स्वतःचे आणि कसब स्वतःचे, ही गोष्ट त्यांत लहान नव्हती.

पेटी स्वतःची असली तर सारे साधते, असेही नव्हे. जोड-रंधा सुताराच्या मालकीचा होता, तरी तयार दारांचा लोंढा त्याने थोपविला नाही. थोपविणे त्याला शक्यच नव्हते. वीस पाती असलेला एक माणूस वाफेच्या गिरणीशी किती झुंजणार? हत्याराने माणूस ताठ उभा राहतो. पण उभे राहिलेल्या माणसांनी एकमेकांचा हात धरला नाही, तर एकेकाला आडवे करता येते. म्हणून पेटी हवी आणि संघटनाही हवी.

एवढे कळल्यावर मी त्या मुलाला म्हटले, "आता हा चालवून पाहू." आमच्या एका निवृत्त सुतार सभासदांना बोलावले. त्यांनी जे दाखविले ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कोणाच्या माळ्यावर असे काही निघाले तर उपयोगी पडेल. प्रथम एकही स्क्रू हरवू देऊ नये. तो पुन्हा सहजी मिळत नाही. गंज रॉकेलच्या फडक्याने हलक्या हाताने काढावा. मुलामा घासून टाकू नये. पाते आधी पाठीकडून सपाट करावे, मग सुमारे ३५ अंशांच्या कोनात धार लावावी. पाते बसविताना त्याची कड धावेच्या बाहेर केसभर असली पाहिजे. आत राहिली तर रंधा खाचेत अडकतो. दोन्ही धावा एकमेकींना समांतर हव्यात. फळीच्या कडेला टेकणारी लाकडी पट्टीही समांतर हवी. दोन्ही टोकांना मापून पाहावी, नजरेवर विसंबू नये. किती खोल जायचे ते अडसराने ठरवून घ्यावे. लाकडाच्या शिरेला आडवे कापायचे असेल तर पात्यापुढचे धारदार काटे खाली घ्यावेत, म्हणजे ते शीर आधी चिरतात; शिरेच्या दिशेने काम असेल तर ते वर ठेवावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, आरंभ फळीच्या दूरच्या टोकापासून करावा. पहिला हात चार बोटांचा, दुसरा थोडा मागून, तिसरा आणखी मागून, असे मागे मागे येत जावे. म्हणजे प्रत्येक नवा हात आधी पडलेल्या खाचेत शिरतो आणि पाते भरकटत नाही. डाव्या हाताने पट्टी फळीच्या कडेला दाबून धरायची, उजव्याने फक्त ढकलायचे. दोन्ही हातांनी दोन्ही कामे करू गेलात की रंधा तिरपा झालाच.

ह्या रंध्याचा एक दोषही त्यांनी दाखविला. पात्याच्या पुढे लाकूड दाबून धरणारा तळ नसल्यामुळे शीर वाकडी असेल तर लाकूड फाटते. म्हणून फळी सरळ शिरेची निवडावी आणि पाते बारीक काढावे. रुंद, वळणदार नक्षी ह्याने काढणे कठीण. खाच, जीभ आणि अरुंद गोल ह्यांत मात्र तो वाकबगार. म्हणजे हातातली गिरणी ही जाहिरात अर्धीच खरी होती. गिरणीला नवखा माणूस चालतो. ह्याला नवखा चालत नाही. गिरणीने कसब काढून घेतले, ह्याने उलट जास्त कसब मागितले. मग तो कोणाच्या पेटीत टिकला? ज्याला शिकायला वेळ मिळाला, ज्याच्या कामाचा दर त्याला घाई करायला लावीत नव्हता, त्याच्या. आठ तासांच्या लढ्याचा आणि ह्या रंध्याचा संबंध मला येथे दिसतो. कसब हे वेळातून येते, आणि वेळ कोणी दान देत नाही.

त्या दिवशी मुलाने सागवानाच्या तुकड्यावर पाव इंचाचे पाते चालविले. पहिल्या तीन खाचा वाकड्या गेल्या. चौथी सरळ उतरली. छिलका लांब, अखंड निघाला आणि त्याच्या मनगटावर गुंडाळला गेला. पट्टी साफ करताना तिच्या आतल्या अंगाला दोन अक्षरे ठोकलेली आढळली, खिळ्याच्या टोकाने एकेक टिंब पाडून काढलेली. त्याच्या वडिलांची आद्याक्षरे होती ती. बाहेरच्या बाजूला शेफील्डच्या कारखान्याचे नाव होते, तळहाताला लागते त्या बाजूला त्यांचे. मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांना हे कधी विचारले नाही मी."

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर, कॉटखाली अशी एखादी पेटी असेल. सुताराची, लोहाराची, छापखान्यातल्या जुळाऱ्याची, शिंप्याची. तिचे काय मोल येईल हे भंगारवाला चटकन सांगेल. त्याला ते सांगू देण्यापूर्वी एकदा ती उघडा. बाहेर कोणाचे नाव आहे ते वाचा, आणि आत कोणाचे आहे तेही पाहा. आणि घरात ते हत्यार चालविलेले एखादे वडीलधारे माणूस अजून असेल, तर आजच त्यांच्यापाशी बसा आणि विचारा. आमच्या त्या मुलाला हे विचारायला उशीर झाला. तुम्हांला होऊ नये.